दुष्काळनिवारण, अन्नसुरक्षा आणि आंतरराष्ट्रीय सहकार्य : जळगाव व धुळे जिल्ह्यांच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

नकाशावर पाहिले असता खानदेश हा पाण्याने समृद्ध प्रदेश वाटतो. पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारी तापी, तिला दक्षिणेकडून मिळणाऱ्या वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा, बुराई या नद्या आणि उत्तरेला सातपुड्याची सलग रांग असे या प्रदेशाचे स्वरूप आहे. तरीही १८९९-१९०० चा, लोकस्मृतीत ‘छप्पनचा दुष्काळ’ म्हणून राहिलेला दुष्काळ, १९७२-७३ चा दुष्काळ आणि २०१८ मध्ये राज्य शासनाने १५१ तालुक्यांत जाहीर केलेला दुष्काळ, या तिन्ही वेळी खानदेशाला त्याची झळ बसली. दुष्काळ येथे अपवाद म्हणून येत नाही. तो शेतीच्या हिशेबातील एक कायमची बाब आहे.

या प्रश्नाच्या सोडवणुकीत परदेशी शासने, आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था, वित्तसंस्था व उद्योग यांचा गेल्या पन्नास वर्षांत वेगवेगळ्या प्रकारे सहभाग राहिला आहे. ‘आंतरराष्ट्रीय सहकार्य’ ही संज्ञा या सर्वांना सरसकट लावली जाते. वास्तविक धान्य पाठविणे, बियाणे देणे, तंत्रज्ञान विकणे आणि कर्ज देणे या चार भिन्न गोष्टी असून त्यांचे परिणामही भिन्न आहेत. प्रस्तुत लेखात जळगाव व धुळे या दोन जिल्ह्यांशी निगडित अशा काही प्रयत्नांचा परामर्श घेतला आहे. परदेशी निधी वा तज्ज्ञ परत गेल्यानंतर येथे नेमके काय शिल्लक राहिले, या एका निकषावर त्यांचा विचार केला आहे.

दुष्काळाची दोन रूपे

खानदेशातील दुष्काळाची दोन रूपे वेगळी ओळखली पाहिजेत. पहिले रूप पर्जन्यछायेच्या पट्ट्यातील होय. साक्री तालुक्याचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या सान्निध्यामुळे बरा पाऊस घेतो. परंतु त्याच्या पूर्वेस धुळे, शिंदखेडा, अमळनेर, पारोळा या तालुक्यांत पाऊस कमी व बेभरवशाचा असतो. खाली काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट. त्यात पाणी साठते ते केवळ झिजलेल्या थरात व भेगांत. म्हणून पाऊस एक महिना ओढ देऊ लागला की विहिरी तळ गाठतात आणि खरिपाचे पीक ऐन दाणे भरण्याच्या वेळी वाळते.

दुसरे रूप सातपुड्याच्या पायथ्याशी, रावेर, यावल व चोपडा या तालुक्यांत आढळते. डोंगरातून वाहून आलेल्या दगडगोट्यांचा व वाळूचा जाड थर येथे आहे. भूशास्त्रात त्यास ‘बझाडा’ म्हणतात. हा थर म्हणजे निसर्गाने बांधलेली पाण्याची मोठी टाकीच होय. केळीची समृद्धी याच टाकीवर उभी राहिली. येथील दुष्काळ आकाशातून येण्यापेक्षा जमिनीखालून अधिक येतो : जेवढे पाणी मुरते त्याहून अधिक उपसले जाते आणि कूपनलिका वर्षागणिक खोल जातात. भूजल मूल्यांकनांत रावेर व यावल हे तालुके अतिउपशाचे म्हणून नोंदले गेले आहेत. एका पट्ट्यावर लागू पडणारा उपाय दुसऱ्यावर लागू पडेलच असे नाही, ही गोष्ट बाहेरून आलेल्या योजनांच्या बाबतीत वारंवार विसरली गेली आहे.

१९७२ : धान्य, हातपंप आणि एक कायदा

१९७२-७३ च्या दुष्काळात परदेशातून आयात केलेली ‘मिलो’ ही तांबडी ज्वारी रेशन दुकानांतून वाटली गेली. ज्या पिढीने ती खाल्ली त्या पिढीच्या बोलण्यात आजही मिलोचा उल्लेख फारशा प्रेमाने होत नाही. परंतु तिने भूक भागविली हे नाकारता येत नाही. गाजरगवत हेही परदेशी धान्याबरोबर आले, असा सर्वसाधारण समज आहे. १९५६ च्या सुमारास ते पुण्यात प्रथम नोंदले गेले आणि आज खानदेशातील एकही बांध त्यापासून मुक्त नाही. धान्याची मदत त्या वर्षापुरती असते. तिच्याबरोबर जे आगंतुक येते ते मात्र टिकू शकते.

त्याच काळातील दुसरे उदाहरण याच्या नेमके उलट आहे. कठीण पाषाणात कूपनलिका घेण्याचे तंत्र युनिसेफच्या साहाय्याने भारतात रुजले. परंतु त्यांवर बसविलेले ओतीव लोखंडाचे हातपंप सतत नादुरुस्त होत. जालना येथील स्कॉटिश मिशनच्या कार्यशाळेत आणि त्यानंतर सोलापुरात अधिक मजबूत पंप घडविण्याचे प्रयत्न झाले. या स्थानिक घडणीच्या पायावरच १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘इंडिया मार्क-२’ हा पंप आकारास आला. परदेशी मिशन, आंतरराष्ट्रीय संघटना आणि मराठी मुलखातील कारागीर यांच्या सहकार्यातून निघालेली ही वस्तू पुढे आशिया-आफ्रिकेतील अनेक देशांत गेली.

याच दुष्काळातून महाराष्ट्राने जगाला दिलेली गोष्ट म्हणजे रोजगार हमी होय. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने आकारास आलेल्या या योजनेचा कायदा १९७७ मध्ये संमत झाला व २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. दुष्काळात धान्यापेक्षा क्रयशक्तीची वाण अधिक असते, हे सूत्र महाराष्ट्राच्या अनुभवावरून ज्याँ द्रेझ यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यासविषय केले. सहकार्य म्हणजे केवळ घेणे असा जो ग्रह असतो तो दूर होण्यास एवढे उदाहरण पुरेसे आहे.

टोगोची बाजरी आणि पाचोऱ्याचे बियाणे

महाराष्ट्र दुष्काळात होरपळत असताना, १९७२ मध्येच, हैदराबादजवळील पटनचेरू येथे ‘इक्रिसॅट’ ही कोरडवाहू पिकांवर संशोधन करणारी आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. खानदेशाच्या दृष्टीने या संस्थेचे सर्वांत महत्त्वाचे काम बाजरीवरील होय, आणि ते थोडे सविस्तर पाहण्याजोगे आहे.

पश्चिम आफ्रिकेतील टोगो या लहान देशाच्या उत्तर भागात ‘इनियादी’ नावाने ओळखली जाणारी स्थानिक बाजरी पिकते. तिचा दाणा टपोरा असून ती लवकर निसवते. टोगोतील अशा बियाण्यातून पटनचेरू येथे निवड पद्धतीने ‘आयसीटीपी ८२०३’ हा वाण तयार करण्यात आला आणि १९८८ मध्ये तो महाराष्ट्रासह काही राज्यांसाठी प्रसारित झाला. गोसावी अर्थात केवडा रोगाला तो चांगला प्रतिकार करी. संकरित बाजरीचे वाण एकामागून एक या रोगाला बळी पडत असताना हा गुण मोलाचा होता. लवकर निसवण्याचा लाभ तर दुष्काळी भागाला थेट मिळतो. पेरणीपासून सुमारे पंचेचाळीस दिवसांत फुलोऱ्यावर येणारे पीक परतीचा पाऊस हुकला तरी जमिनीत शिल्लक असलेल्या ओलीवर दाणा भरून घेते. शास्त्रीय परिभाषेत ही दुष्काळाला तोंड देण्याची नव्हे, तर त्याला चुकवण्याची रीत आहे.

या वाणाच्या दाण्यात लोहाचे प्रमाण मुळातच चांगले असल्याचे पुढे लक्षात आले. खाद्यपिकांची पोषकद्रव्ये पैदाशीद्वारे वाढविण्यासाठी काम करणाऱ्या ‘हार्वेस्टप्लस’ या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमाच्या साहाय्याने त्याच वाणातून अधिक लोह असलेल्या वंशावळी निवडण्यात आल्या. त्यांतून ‘धनशक्ती’ हा वाण सिद्ध झाला. त्याच्या एक किलो दाण्यात सरासरी ७१ मिलिग्रॅम लोह आढळले. मूळ वाणाच्या तुलनेत हे लोह सुमारे ९ टक्के, तर उत्पादन सुमारे ११ टक्के अधिक होते. इक्रिसॅट व राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांच्या संयुक्त प्रयत्नातून आलेल्या या वाणाचे बियाणे शेतकऱ्यांपर्यंत नेण्याचे काम जळगाव जिल्ह्यातील पाचोरा येथील निर्मल सीड्स या कंपनीने २०१२ पासून हाती घेतले. लोहसमृद्ध पीक म्हणून शेतकऱ्यांच्या हाती पडलेला हा देशातील पहिला बाजरी वाण होता.

लोह दाण्यात असणे आणि ते शरीरात शोषले जाणे यांत अंतर असते. म्हणून महाराष्ट्रातील १२ ते १६ वर्षे वयाच्या २४६ शालेय विद्यार्थ्यांवर एक नियंत्रित प्रयोग करण्यात आला. एका गटाला लोहसमृद्ध बाजरीचे व दुसऱ्याला साध्या बाजरीचे पदार्थ रोज देण्यात आले. त्यांत मुख्य पदार्थ भाकरी हाच होता. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, आरंभी लोहाची कमतरता असलेल्या विद्यार्थ्यांपैकी लोहसमृद्ध बाजरी खाणाऱ्यांची कमतरता भरून निघण्याची शक्यता दुसऱ्या गटाच्या सुमारे १.६ पट होती. अन्नसुरक्षा म्हणजे केवळ पोट भरणे नव्हे, हे विधान पाठ्यपुस्तकांत नेहमी आढळते. येथे ते भाकरीच्या मापाने सिद्ध झाले.

धुळे येथील कृषी महाविद्यालयाच्या परिसरात अखिल भारतीय समन्वित बाजरी संशोधनाचे केंद्र आहे. ‘आदिशक्ती’, ‘महाशक्ती’ हे संकरित वाण त्याच केंद्राचे होत. २०१८ मध्ये देशाच्या समन्वित बाजरी कार्यक्रमाने नव्या वाणासाठी किमान लोह दर किलोस ४२ मिलिग्रॅम व किमान जस्त ३२ मिलिग्रॅम असावे, असा दंडक घातला. अर्थात हार्वेस्टप्लसचा निधी उद्या थांबला तरी हा दंडक राहतो, धुळ्याचे केंद्र राहते आणि पाचोऱ्याचा बियाणे उद्योगही राहतो. टोगोच्या शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या बियाण्याचे ऋण मात्र या साखळीत कोठेही फेडले गेलेले दिसत नाही. त्याची नोंद वाणाच्या नावातील एका इंग्रजी अक्षरापुरती उरली आहे.

या यशाला एक मर्यादा आहे आणि ती शेतात नसून बाजारात आहे. धनशक्ती हा खुल्या परागीकरणाचा वाण असल्याने शेतकरी त्याचे बियाणे काही हंगाम घरी राखू शकतो. दुष्काळी भागातील लहान शेतकऱ्याला ही मोठी सोय आहे. बियाणे विक्रेत्याला ती फारशी लाभदायक नाही. शिवाय लोहसमृद्ध दाणा साध्या दाण्याहून डोळ्यांना वेगळा दिसत नाही. बाजार समितीत त्यास वेगळा भाव मिळत नाही. दरम्यान कापूस व मका यांनी बाजरीचे क्षेत्र आक्रमिले आहे. संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या प्रस्तावावरून २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले. पदार्थांची प्रदर्शने भरली, महाविद्यालयांतून व्याख्याने झाली. ज्या घरात हिवाळ्यात भरिताबरोबर कळण्याची भाकरी होते त्या घराला या वर्षाची गरज नव्हती. ज्या शेतकऱ्याला बाजरी परवडत नाही म्हणून कापूस लावावा लागतो त्याला मात्र अशा वर्षाने हमी खरेदी मिळवून दिली नाही.

करारातील अटी : भारत-जर्मन पाणलोट कार्यक्रम

बियाण्याप्रमाणे पाणी एका घराचे नसते. ते गावाचे असते, किंबहुना अनेक गावांचे असते. येथे सहकार्याचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. या बाबतीत महाराष्ट्रातील सर्वांत महत्त्वाचा आंतरराष्ट्रीय प्रयोग म्हणजे १९९० च्या दशकाच्या आरंभी सुरू झालेला भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम. फादर हर्मन बाखर या स्विस जेझुइट धर्मगुरूंच्या प्रेरणेतून आलेल्या या कार्यक्रमात निधी जर्मन शासनाचा, वित्तीय व्यवस्थापन नाबार्डचे आणि लोकसंघटन व प्रशिक्षण १९९३ मध्ये स्थापन झालेल्या ‘वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट’ या संस्थेचे, अशी विभागणी होती. तत्कालीन अहमदनगर जिल्हा हे त्याचे प्रमुख क्षेत्र असले तरी खानदेशासारख्या प्रदेशाला त्यापासून शिकण्याजोगे बरेच आहे.

या कार्यक्रमातील बांधबंदिस्ती, समतल चर वा गॅबियन बंधारे यांत अभूतपूर्व असे काही नव्हते. रोजगार हमीवर ही कामे आधीही झाली होती. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून विद्यार्थ्यांनीही चर खणले आहेत. भेद होता तो क्रमात. गावाने प्रथम श्रमदान करावे, चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाळावी, स्वतःची पाणलोट समिती निवडावी, एका लहान क्षेत्रावर काम करून क्षमता दाखवावी. मगच पूर्ण निधी मिळेल, अशी रचना होती. देखभालीसाठी वेगळा निधी राखून ठेवला जाई. उताराच्या माथ्यावरून पायथ्याकडे येण्याचा नियमही कटाक्षाने पाळला जाई, कारण पायथ्याचा बंधारा आधी बांधला तर तो पहिल्याच पावसात गाळाने भरतो. ज्या गरीब कुटुंबांची गुजराण शेळ्यांवर होती त्यांना चराईबंदीचा बोजा सर्वाधिक सोसावा लागला आणि विहिरी असलेल्यांना पाण्याचा लाभ सर्वाधिक झाला, हा आक्षेप अभ्यासकांनी घेतला आहे व तो दुर्लक्षिण्याजोगा नाही.

तथापि जर्मन निधीच्या पलीकडे काय उरले, या निकषावर या कार्यक्रमाची नोंद घ्यावीच लागते. १९९९-२००० मध्ये केंद्र शासन व नाबार्ड यांच्या समान वाट्याने २०० कोटी रुपयांचा पाणलोट विकास निधी उभारण्यात आला. त्याची कार्यपद्धती बव्हंशी याच अनुभवावर बेतलेली होती.

ठिबक, केळी आणि वाचलेल्या पाण्याचे काय झाले

इस्राएलमध्ये सिमचा ब्लास यांच्या कल्पनेतून १९६५ मध्ये व्यापारी रूप धारण केलेले ठिबक सिंचन जळगावात रुजले ते दानाच्या मार्गाने नव्हे, व्यापाराच्या मार्गाने. भवरलाल जैन यांच्या जैन इरिगेशनने १९८० च्या दशकाच्या अखेरीस या क्षेत्रात पदार्पण केले. नंतर ऊतिसंवर्धित ‘ग्रँड नैन’ केळीची रोपे व ठिबक यांची जोडी जमली. बसराईसारख्या जुन्या वाणांची जागा नव्या केळीने घेतली आणि पिकाचा कालावधी कमी होऊन घडाचे वजन वाढले. २००७ मध्ये या कंपनीने इस्राएलच्या नान-दान या कंपनीत निम्मा हिस्सा घेतला व २०१२ मध्ये ती संपूर्ण ताब्यात घेतली. जे तंत्र इस्राएलहून आले त्याच देशातील कारखान्याची मालकी जळगावकडे गेली. २०१९ पासून कर्जाच्या ताणात सापडलेल्या कंपनीने २०२३ मध्ये आपला परदेशातील सिंचन व्यवसाय रिव्ह्युलिस या इस्राएली कंपनीत विलीन केला, हा या कथेचा पुढचा भाग.

ठिबकामुळे एका केळीच्या खोडामागे लागणारे पाणी कमी झाले, यात शंका नाही. परंतु वाचलेले पाणी बझाड्याच्या थरात परत गेले नाही. ज्या विहिरीवर दोन एकर केळी होत असे तीवर आता चार एकर होऊ शकते, हे दिसताच शेतकऱ्याने चार एकर लावली. व्यक्तिशः त्याचा निर्णय सर्वस्वी तर्कशुद्ध आहे. सर्वांनीच तो घेतला म्हणजे पातळी खाली जाते. अर्थशास्त्रात जेव्हन्स यांनी कोळशाच्या संदर्भात १८६५ मध्ये हीच विसंगती दाखविली होती. दोष नळीचा नाही. नळी पाणी मोजून देते. किती पाणी उपसावे हे ती सांगत नाही, आणि ते सांगण्याची कोणतीही यंत्रणा तंत्रज्ञानाबरोबर आली नाही.

जागतिक बँकेचे कर्ज आणि पाण्याचा ताळेबंद

ही उणीव भरून काढण्याचा एक प्रयत्न ‘नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पा’त दिसतो. ‘पोकरा’ या नावाने परिचित असलेल्या या प्रकल्पाला जागतिक बँकेने फेब्रुवारी २०१८ मध्ये मान्यता दिली. सुमारे ४००० कोटी रुपयांच्या या प्रकल्पात ७० टक्के वाटा बँकेच्या कर्जाचा होता. कर्ज हा शब्द येथे महत्त्वाचा आहे, कारण त्याची परतफेड राज्याच्या करदात्याला करावयाची असते. मराठवाडा व विदर्भातील जिल्ह्यांबरोबर जळगाव जिल्ह्याचा त्यात समावेश झाला. शेजारच्या धुळे जिल्ह्याचा पहिल्या टप्प्यात झाला नाही. बोरी व पांझरा या दोन खोऱ्यांतील कोरडवाहू शेतकऱ्यांच्या अडचणींत जिल्ह्याच्या सीमेने फरक पडत नाही. साहाय्यात तो पडला.

प्रकल्पातील अनुदानांकडे, म्हणजे शेततळी, ठिबक, शेडनेट यांकडे, सर्वांचे लक्ष गेले. त्याहून मोलाची बाब होती ती आयआयटी मुंबईच्या साहाय्याने तयार झालेली गावनिहाय पाण्याच्या ताळेबंदाची पद्धत. पडलेला पाऊस, वाहून गेलेले, मुरलेले व पिकांना लागणारे पाणी यांचा हिशेब मांडून गावाची तूट किंवा शिल्लक काढली जाते. तूट कळली म्हणजे रब्बीत किती क्षेत्र घ्यावे हे कळते. मात्र ‘घ्यावे’ हे बंधनकारक कोणी करावयाचे, हा प्रश्न ताळेबंदाच्या कागदावर सुटत नाही. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम २००९ मध्ये पाणलोट क्षेत्रनिहाय समित्यांची तरतूद आहे. गावपातळीवर तिची अंमलबजावणी अत्यंत क्षीण आहे.

या प्रश्नाचे एक उत्तर धुळे जिल्ह्यातच सुमारे तीन शतके अस्तित्वात होते. पांझरेवरील फड पद्धतीत एका बंधाऱ्याखालील भिजक्षेत्राचे तीन-चार फड पाडले जात. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे, पिकांची फेरपालट ठरलेली, आणि बहुतेकांची जमीन प्रत्येक फडात थोडी थोडी. पाणी कमी असेल त्या वर्षी एखादा फड सर्वांनी मिळून कोरडा ठेवावयाचा. तूट अशा रीतीने एकट्या शेवटच्या शेतकऱ्याच्या वाट्यास न जाता सर्वांत वाटली जाई. पाणी सोडण्यासाठी पाटकरी, राखणीसाठी जागल्या, देखरेखीसाठी हवालदार असे सेवक शेतकऱ्यांची पंच मंडळी नेमत आणि त्यांना मोबदलाही शेतकरीच देत. नदीच्या वरच्या अंगाला धरणे झाली, विहिरींवर वीजपंप बसले, ऊस आला, आणि ही व्यवस्था बहुतेक ठिकाणी खिळखिळी झाली. ती जशीच्या तशी परत आणणे शक्य नाही. विहीर ज्याच्या मालकीची त्याला कोरड्या फडाचा नियम लागू पडत नाही.

साक्री तालुक्यातील बारीपाडा या आदिवासी पाड्याने मात्र जंगलाच्या बाबतीत असा नियम १९९० च्या दशकात नव्याने घडविला. सुमारे ४४५ हेक्टर वन राखण्याची शिस्त गावाने स्वतः ठरविली, राखणदार नेमले, दंड ठरविले. या कामातील पुढाकाराबद्दल चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. २००४ पासून येथे रानभाज्यांची पाककृती स्पर्धा भरते. तिच्या आरंभामागे कॅनडातील विद्यापीठाशी संबंधित एका संशोधकाची प्रेरणा होती. परदेशातून आलेला निधी म्हणावा तर काहीच नाही. आला तो एक अभ्यासक, आणि त्याने विचारले ते गावातील स्त्रियांना. कोणती भाजी कोणत्या महिन्यात, कोणत्या ओढ्याकाठी मिळते आणि पावसाने दगा दिला तर कोणते कंद खाता येतात, याची उत्तरे त्यांच्याकडे होती. जंगल राखले गेले होते म्हणून त्या भाज्याही जागेवर होत्या.